म्हातारे यंत्र की आजारी यंत्र?

(जुन्या होडी-यंत्राच्या परीक्षेचा एक पाठ)

गोव्यात केरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. आमचे केरी ते पेडणे तालुक्यातील. जेथे तेरेखोल नदी अरबी समुद्रास मिळते तेथील. पलीकडच्या तीरावर तेरेखोलचा किल्ला उभा आहे आणि दोन्ही तीरांमध्ये फेरीबोट ये-जा करीत असते. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांच्या हाती गेला, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. किल्ला जुना आहे, परंतु त्याचा तट अद्याप उभा आहे. वय झाले म्हणजे जीर्णता आलीच असे नव्हे, हे फेरीबोटीतून जाताना आम्हांस नेहमी वाटते. आणि आजच्या पाठाचा विषयही तोच आहे.

नदीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा आहे. भरती-ओहोटीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे तो आपली जागा बदलतो. होडी त्यावरून समुद्रात जाते तेव्हा लाटा फुटत असतात आणि पाणी उथळ असते. अशा वेळी होडीच्या मागे टांगलेले यंत्र बंद पडले तर होडी लाटेला आडवी होते. आडवी झालेली होडी उलटण्यास एक लाट पुरे. म्हणून ज्या यंत्रास आमच्या गावी सर्वजण नुसते 'मशीन' म्हणतात, त्याच्या प्रकृतीचा प्रश्न हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. तो घरी परत येण्याचा प्रश्न आहे.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. मराठी आणि इतिहास हे आमचे विषय. यंत्रशास्त्राचा अधिकार आमच्याकडे नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. तथापि पुराव्याची छाननी कशी करावी, ऐकीव गोष्ट कोणती व प्रत्यक्ष साक्ष कोणती, हे इतिहास शिकविताना आम्ही वर्गात सांगतच असतो. तीच रीत एका शेजाऱ्याच्या यंत्रास लावून पाहण्याचा प्रसंग आम्हांवर आला. त्यातून आम्ही काय शिकलो, आणि कोठे चुकलो, ते येथे सांगत आहो.

प्रसंग असा घडला

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. १ जून ते ३१ जुलै या काळात गोव्यात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. होड्या किनाऱ्यावर झापांखाली विसावलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेपूर्वी जाळी व यंत्रे दुरुस्त करण्याची घाई चाललेली असते. आमच्या शेजारचे काका संध्याकाळी ओसरीवर येऊन बसले. त्यांचा मुलगा तेव्हा आमच्याच वर्गात नववीत होता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, मशीन म्हातारें जालां. आतां तें उगडूंकच जाय."

यंत्र म्हातारे झाले. आता ते उघडलेच पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ. बाजारातल्या एका कारागिराने यंत्राचा आवाज ऐकला, धूर पाहिला आणि दट्टे, रिंगा, सारे नवे बसवावे लागेल असे सांगितले. त्यासाठी काकूंच्या पाटल्या गहाण टाकण्याचे घरात ठरत होते. मुलगा खाली मान घालून उभा होता.

आम्ही विचारले, "काका, यंत्राची तपासणी कोणत्या साधनाने केली?"

काका म्हणाले, "साधन कसलें, मास्तर? कानानेच."

अनुभवी कानास आम्ही कमी लेखीत नाही. परंतु पाटल्या गहाण टाकण्यापूर्वी कानाच्या साक्षीस आणखी एखाद्या साक्षीची जोड असावी, एवढे आम्हांस वाटले. दुसऱ्या दिवशी आम्ही एका परिचित मोटार-दुरुस्ती दुकानातून दाब मोजण्याचे गेज उसने आणले आणि माहितगार असा एक तरुण मदतीस घेतला.

हे यंत्र चालते कसे

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. होडीच्या बाहेर टांगलेले हे यंत्र लोकप्रिय करण्याचे श्रेय ओले एव्हिन्रूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिरास दिले जाते. तळ्याकाठच्या सहलीत प्रिय व्यक्तीसाठी आईसक्रीम आणावयास तो वल्ही मारीत गेला आणि परत येईपर्यंत ते वितळून गेले. त्यातून त्यास ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९०९ साली त्याने विक्रीस आणलेले यंत्र सुमारे दीड अश्वशक्तीचे व ६२ पौंड वजनाचे होते. जपानच्या यामाहा कंपनीचे पहिले असे यंत्र १९६० साली निघाले. आज आमच्या किनाऱ्यावरच्या लहान होड्यांस अशाच यंत्रांचा आधार आहे.

काकांचे यंत्र दोन सिलिंडरांचे, सुमारे दहा अश्वशक्तीचे आणि द्विघाती, म्हणजे टू-स्ट्रोक जातीचे. त्याचे दोन सिलिंडर एकावर एक असे बसविलेले असतात. प्रत्येकात एक दट्ट्या वरखाली होतो. आपण तो पुढेमागे होतो असे म्हटले तरी चालेल. दट्ट्या डोक्याकडे सरकतो तेव्हा पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबले जाते, आणि त्याच वेळी दट्ट्याच्या पाठीमागील क्रँकच्या कोठडीत ताजे मिश्रण ओढले जाते. ठिणगी पडते, मिश्रण पेटते, दट्ट्या जोराने परत फिरतो. परतताना तो प्रथम धूर बाहेर जाण्याचे द्वार उघडतो, मग ताजे मिश्रण आत येण्याचे द्वार. असे प्रत्येक फेऱ्यास एकदा घडते.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, मिश्रण नीट दाबले गेले नाही तर ते नीट पेटत नाही व बळ देत नाही. दट्ट्याभोवतीच्या रिंगा हा दाब धरून ठेवतात. त्या झिजल्या, चिकटल्या किंवा सिलिंडरच्या भिंतीस ओरखडे पडले की दाब निसटतो. दुसरी, अशा यंत्रात वंगण वेगळे नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. पुष्कळ यंत्रांत हे प्रमाण ५० भाग पेट्रोलास १ भाग तेल असे असते, म्हणजे एका लिटरास २० मिलिलिटर. २५ लिटरांच्या टाकीस किती तेल लागेल? गणित सोपे आहे: ५०० मिलिलिटर. हे तेल कमी पडले तर दट्ट्या भिंतीस घासतो. अधिक पडले तर काजळी साचते व प्लग काळवंडतो. आमच्या तपासणीत असे आढळले की काका तेल अंदाजाने ओतीत असत, आणि आपले यंत्र म्हातारे झाले म्हणून त्याचा डोस ते दरवर्षी थोडा वाढवीत आले होते. म्हाताऱ्या माणसास अधिक तूप द्यावे, तसा हा प्रकार!

स्वस्त कारण आधी, महाग कारण नंतर

वैद्य रोग्याच्या पोटाला एकदम शस्त्र लावीत नाही. आधी जीभ पाहतो, नाडी पाहतो, काय खाल्ले ते विचारतो. यंत्राच्या बाबतीतही हाच क्रम योग्य होय. यंत्र उघडून नव्याने बांधणे हे शेवटचे शस्त्र आहे. त्यापूर्वी ज्या गोष्टी थोडक्या खर्चात तपासता येतात त्या तपासून घ्याव्या.

काकांची तक्रार अशी होती: यंत्र सकाळी लवकर सुरू होत नाही, पुष्कळ धूर ओकते, पूर्ण वेग मागितला तर धापा टाकते, आणि वेग कमी करताच बंद पडते. ही लक्षणे झिजलेल्या यंत्राचीही असू शकतात. परंतु नेमकी हीच लक्षणे घाणेरड्या पेट्रोलाने, काळवंडलेल्या प्लगने किंवा कार्बुरेटरच्या बुजलेल्या छिद्रानेही उत्पन्न होतात. एका लक्षणास अनेक कारणे असतात, हा धडा शास्त्रातही आहे आणि इतिहासातही.

प्रथम आम्ही टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल एका काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरले. तळाशी निराळा थर स्पष्ट दिसला. अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते ओलावा शोषून घेते, आणि पाणी फार झाले की पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. पावसाळ्यात अर्धी टाकी भरून ठेवली की समुद्रकाठच्या दमट हवेत हे सहज घडते. यंत्राची नळी पेट्रोल ओढते ती तळापासूनच.

मग प्लग काढले. दोन्ही काळे व ओले होते. निरोगी यंत्राचा प्लग फिक्या तपकिरी रंगाचा असतो. काळा व ओला असल्यास तेल किंवा पेट्रोल अधिक, अगर ठिणगी क्षीण. पांढराफटक असल्यास यंत्र फार तापले किंवा पेट्रोल कमी पडले. त्यावर ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसल्यास दट्टाच वितळू लागला, असे समजावे. प्लग हा सिलिंडरच्या आत राहून आलेला साक्षीदार आहे; त्याची जबानी आधी घ्यावी.

दाबाची परीक्षा

यानंतर मुख्य परीक्षा घेतली. तिची कृती मुलांनी वहीत लिहून घेण्यासारखी आहे. मात्र मोठ्या जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून ती कोणीही करू नये. पेट्रोलची वाफ पेट घेते, आणि फिरता पंखा बोट तोडतो. जवळ विडी-काडी नसावी. पंखा काढून ठेवलेला असावा.

प्रथम यंत्र गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून काही मिनिटे चालवावे व गरम करावे. कोरडे कधीही चालवू नये. पाण्याच्या पंपातील रबरी चक्र पाण्यावाचून थोड्याच वेळात जळून जाते. मग यंत्र बंद करून दोन्ही प्लग काढावे. ठिणगी पडू नये म्हणून सुरक्षेची दोरी ओढून घ्यावी आणि प्लगच्या तारा यंत्राच्या उघड्या धातूस जोडाव्या. वेगाचा कळ पूर्ण उघडा ठेवावा, कारण हवा आत येण्यास अडथळा असेल तर गेज खोटा आकडा दाखवील. गेज प्लगच्या जागी बसवावे आणि सुरू करण्याची दोरी सारख्या जोराने पाचसहा वेळा ओढावी. काटा वर चढत जाऊन एका ठिकाणी थांबतो. तो आकडा लिहून ठेवावा. दुसऱ्या सिलिंडरासही तितक्याच वेळा दोरी ओढावी; एकास पाच व दुसऱ्यास तीन असा पक्षपात करू नये.

गेजावरचा आकडा दर चौरस इंचास इतके पौंड असा असतो. १०० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारे ७ किलोग्रॅम. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो हे तुम्हांस ठाऊक आहे. त्यावरून आत केवढी दाटी होते याची कल्पना करावी.

आता निकाल कसा द्यावा? पहिला विचार दोन्ही सिलिंडरांच्या तुलनेचा. दोहोंतील फरक शेकडा १० च्या आत असावा. तो १५ च्या वर गेला तर शंका घ्यावी. दुसरा विचार प्रत्यक्ष आकड्याचा. या जातीच्या पुष्कळ निरोगी यंत्रांत तो १०० च्या वर असतो, आणि ९० च्या खाली गेला की चिंता वाटू लागते. परंतु यंत्रायंत्रांत फरक असतो, गेजागेजांतही असतो. काही यंत्रांत दोरी सुलभ ओढली जावी म्हणून दाब मुद्दाम सोडण्याची योजना असते. म्हणून निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. तुलना मात्र सर्वत्र उपयोगी पडते, कारण एकाच गेजाने, एकाच हाताने, एकाच सकाळी दोघांची परीक्षा झालेली असते.

काकांच्या यंत्राचे आकडे आले ते असे: वरचा सिलिंडर १०८, खालचा १०४. मुलाने तेथल्या तेथे हिशेब केला. फरक ४, १०८ शी त्याचे प्रमाण शेकडा ३.७. त्याने आकडा मोठ्याने वाचला तेव्हा काकांनी तो पुन्हा वाचावयास सांगितला.

यंत्र म्हातारे होते, परंतु जीर्ण नव्हते. टाकी रिकामी करून धुतली, गाळणी बदलली, कार्बुरेटरची छिद्रे साफ केली, दोन नवे प्लग बसविले आणि तेल मोजून घालण्यास एक खुणेची बाटली दिली. पाटल्या काकूंच्या हातातच राहिल्या. नारळी पौर्णिमेनंतर काकांची होडी समुद्रात गेली, आणि परत येताना मुखाशी यंत्राने एकदाही दगा दिला नाही. मुलाने ते दोन आकडे तारखेसह यंत्राच्या वहीत लिहून ठेवले.

आमची चूक

येथे गोष्ट संपली असती तर हा लेख लिहिण्याचे आम्हांस विशेष कारण नव्हते. परंतु पुढे जे घडले ते सांगितल्याशिवाय हा पाठ अपुरा राहील.

दाब चांगला आला तेव्हा आम्ही काकांस म्हणालो, "यंत्र उत्तम आहे, निश्चिंत असा." हे आमचे विधान पुराव्याच्या पलीकडचे होते. दाबाची परीक्षा दट्ट्या, रिंगा व सिलिंडर यांविषयी सांगते. क्रँकच्या कोठडीची सीले फाटली असतील तर ती सांगत नाही. खालच्या दंतचक्रांच्या पेटीत पाणी शिरले असेल तर ती सांगत नाही. यंत्र थंड ठेवणारा पाण्याचा पंप कसा आहे, हेही ती सांगत नाही. एका विषयात पहिला आलेला विद्यार्थी सर्व विषयांत उत्तीर्ण झाला, असे आम्ही गृहीत धरले. परीक्षकाने असे करणे हा केवढा दोष! आणि तो आमच्यासारख्या मास्तराकडून घडावा!

पंपातील रबरी चक्र समुद्राचे पाणी ओढून यंत्राभोवती खेळविते, आणि त्याची खूण म्हणून मागे एक बारीक धार सतत पडत असते. आमच्या मुखाशी उथळ पाण्यात वाळू ढवळलेली असते. ती पाण्याबरोबर पंपात जाते आणि रबराची पाती झिजविते. शिमग्यानंतर ती धार बारीक झाल्याचे काकांनी पाहिले होते. पण मास्तरांनी यंत्र उत्तम म्हणून सांगितले होते. म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही.

मे महिन्यात एके दिवशी किनाऱ्यापासून दूर यंत्र तापले, किंचाळल्यासारखा आवाज झाला व ते बंद पडले. होडीत काका आणि त्यांचे धाकटे बंधू होते. समुद्र त्या दिवशी शांत होता. दोघे वल्ही मारीत रात्री परतले. किनाऱ्यावर कंदील व विजेऱ्या घेऊन वाडीतली माणसे उभी होती, त्यांत आम्हीही होतो. काका आम्हांस एक शब्दही बोलले नाहीत. "जेवला मरे, मास्तर?" एवढेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नाने आम्हांस जी शरम वाटली ती कठोर शब्दांनी वाटली नसती. तोच प्रकार पावसाळ्याच्या तोंडावर, मुखाशी घडला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

दुसरी परीक्षा

जूनमध्ये पुन्हा गेज आणले. मुलाने वही उघडली. या वेळी वरचा सिलिंडर १०२ आणि खालचा ७८. फरक २४, शेकडा २३.५. गेल्या वर्षीचा आकडा जवळ होता म्हणून केवळ फरकच कळला असे नव्हे, तर कोणता सिलिंडर किती घसरला हेही कळले: वरचा ६ ने, खालचा २६ ने. जुनी नोंद नसती तर कोणी म्हणाले असते, 'तो पूर्वीपासूनच तसा असेल.'

मग आणखी दोन चाचण्या केल्या. खालच्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा दाब पाहिला. तो ९६ पर्यंत चढला. तेल रिंगांभोवती बसून तात्पुरती फट बुजविते. म्हणून तेलाने दाब वाढला तर दोष रिंगांचा अगर भिंतीचा, आणि न वाढला तर डोक्याच्या गॅस्केटचा किंवा दट्ट्यास पडलेल्या भोकाचा संभव अधिक, असे अनुमान निघते. रिंगा केवळ काजळीने चिकटल्या असतील तर काजळी विरघळविणाऱ्या द्रव्याने त्या सुटतात व दाब परत येतो. म्हणून रात्रभर ते द्रव्य आत ठेवून दुसऱ्या दिवशी यंत्र थोडे चालवून पाहिले. आकडा आला ८०. म्हणजे काजळीचा आरोप सिद्ध झाला नाही.

शेवटी धूर जाण्याच्या बाजूचे झाकण काढून त्या द्वारातून विजेरीने आत पाहिले. खालच्या दट्ट्यावर व भिंतीवर उभे ओरखडे पडले होते. नखाला लागावेत इतके खोल. पंप उघडला तेव्हा रबरी चक्राची तीन पाती तुटलेली आढळली, आणि त्यांचे तुकडे पाण्याच्या वाटेत अडकून बसलेले होते. खालच्या सिलिंडराभोवती पाणी खेळतच नव्हते. कारण आणि कार्य यांची साखळी अशी समोर आली.

आता यंत्र उघडून बांधणे अटळ होते. आदल्या वर्षी जे सांगितले गेले तेच या वर्षी खरे ठरले. परंतु गेल्या वर्षी ते अनुमान होते, आणि या वर्षी तो निर्णय होता. दोहोंत अंतर आहे.

दुरुस्त करावे की नवे घ्यावे?

दोष सिद्ध झाला तरी एक प्रश्न उरतोच: हे यंत्र बांधण्याच्या लायकीचे आहे काय? बांधणे म्हणजे सिलिंडर आतून घासून किंचित मोठा करणे, त्या मापाचे नवे दट्टे व रिंगा घालणे, बेअरिंगे, सीले व गॅस्केटे बदलणे. पण घर शाकारण्यापूर्वी वासे पाहावे लागतात. वासेच कुजले असतील तर नवी कौले घालून काय उपयोग?

म्हणून आम्ही चार गोष्टी पाहिल्या. एक, दंतचक्रांच्या पेटीतील तेल. ते दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे. त्यात धातूचा चुरा असेल तर दंतचक्रे झिजली आहेत. येथे ते स्वच्छ होते. दोन, क्रँक हाताने हलवून तो ढिला आहे काय, आणि पंख्याचा दांडा वाकला आहे काय. दोन्ही ठीक होते. तीन, खाऱ्या पाण्याने यंत्राचा मूळ सांगाडा कोठे खाल्ला आहे काय. पाण्याच्या वाटांत मीठ साचले होते, पण धातू शाबूत होता. चार, सुटे भाग मिळतात काय. मिळत होते.

यानंतर खर्चाचा हिशेब. आमचा ठोकताळा असा, की एकंदर खर्च तशाच नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याजवळ जाऊ लागला तर थांबून विचार करावा. काकांस दोन ठिकाणांहून लेखी अंदाज घ्यावयास सांगितले. दोन्ही नव्या यंत्राच्या तृतीयांशाच्या आसपास होते. हिशेब मुलाने केला. निर्णय काकांनी केला. या वेळी काकूंनी आपण होऊन पाटल्या पुढे केल्या. "समजून दितां," एवढेच त्या म्हणाल्या.

यंत्र बांधून आले तेव्हा पंपाचे चक्र प्रथम बदलले व पाण्याच्या सर्व वाटा मोकळ्या केल्या. मूळ कारण तसेच ठेवून यंत्र बांधले तर ते पुन्हा तसेच मोडते, हे विसरू नये. निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे पहिले दहा तास २५ भाग पेट्रोलास १ भाग तेल घातले आणि वेग आवरून ठेवला. नव्या दाबाचे आकडे वहीत चढले. त्यांच्याखाली मुलाने एक नवा रकाना आखला आहे: 'पाण्याची धार'. रोज किनाऱ्यास लागल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुतले जाते आणि त्या रकान्यात 'ठीक' किंवा 'बारीक' असा एक शब्द लिहिला जातो.

तात्पर्य

विद्यार्थिमित्रहो, या पाठातून पुढील गोष्टी घ्याव्या. वयावरून कोणाचाही निकाल देऊ नये, मग ते यंत्र असो, किल्ला असो की माणूस. स्वस्त कारण आधी तपासावे. दोघांची तुलना एकाच मापाने करावी. आज लिहिलेला आकडा उद्या साक्ष देतो, म्हणून नोंद ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परीक्षेने जेवढे सांगितले तेवढेच बोलावे. एका चांगल्या उत्तरावरून 'निश्चिंत असा' असे कोणास सांगू नये. शेवटची गोष्ट आम्ही तुम्हांस शिकवीत नाही. ती आम्हीच शिकलो आहो.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी होडी आहे त्यांनी या बंदीच्या काळात आपल्या यंत्राची वही सुरू करावी. ज्यांच्या घरी होडी नाही त्यांच्या घरी पाण्याचा पंप आहे, स्कूटर आहे, शिवणयंत्र आहे. वही कोणत्याही यंत्राची चालते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका यंत्राच्या दोन सिलिंडरांचे दाब ११२ व ९८ आले. फरक शेकडा किती? तुम्ही काय सल्ला द्याल?

२. १८ लिटर पेट्रोलास ५० : १ या प्रमाणाने तेल किती लागेल? २५ : १ या प्रमाणाने किती?

३. सिलिंडरात तेल सोडल्यावर दाब वाढला नाही. दोष कोठे असू शकेल?

४. दाबाची परीक्षा यंत्राविषयी कोणत्या गोष्टी सांगत नाही? त्या प्रत्येकीसाठी एकेक निराळी परीक्षा सुचवा.

५. आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांस विचारून, त्यांनी केवळ कानाने ओळखलेला व पुढे खरा ठरलेला यंत्राचा एक दोष वहीत लिहून आणा. अनुभवही साक्षीदारच आहे. त्याचीही जबानी घेतली पाहिजे.